पाण्यात दोष नव्हता

धाकट्याने जमिनीवर पसरलेल्या शहराच्या नकाशावर लाल पेन्सिलीने गोल काढला, आणि तो पुरता जुळायच्या आतच वहिनीने पुढे वाकून त्यावर आपला तळहात ठेवला.

"इथं नको."

"वहिनी, हात काढ. फाटेल तो."

"कुठंही घे रे घर... बाजारावरचं घे, मालगाड्यांच्या यार्डाशेजारचं घे, पण इथं नको!"

धाकटा आणि त्याची बायको चकित होऊन तिच्याकडे बघत राहिली. पहिलंवहिलं घर घ्यायचं म्हणून तिघंही पाच महिने दर रविवारी वस्त्या धुंडाळत होती. बाजारावरच्या माळ्यावर ऊन शिरत नव्हतं, यार्डाशेजारी डबे जोडले की फळीवरची भांडी थरथरायची. आणि ही नवी वसाहत... रुंद रस्ते, कोपऱ्यावर शाळा, खिडकीला खिडकी न भिडणारी घरं! धाकटीला पाचवा महिना होता. त्या शाळेचं फाटक बघताना नकळत तिचा हात पोटावर गेला होता, आणि ते पाहून वहिनीच्या काळजात चर्र झालं होतं.

"कारण सांग," धाकटा म्हणाला. तो नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला होता. मोजमापाशिवाय रेघ ओढायची नाही हा त्याचा स्वभावच बनला होता.

"तिथलं पाणी वाईट आहे."

"तिथला रंगाचा कारखाना बंद होऊन बारा वर्षं झाली. जमीन तपासल्याचा दाखला आहे. आणि दादा तिथं राहून गेला, पण पाण्यानं नव्हे. तो मुळातच आजारी होता, असं तूच सांगितलंस ना मला?"

वहिनीने नकाशावरचा हात आणखी घट्ट दाबला. हो... तिनेच सांगितलं होतं!

"ताई, स्पष्टच बोला ना," धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आम्ही आमच्या घरी गेलो की तुम्ही एकट्या पडाल, याचीच भीती आहे ना तुम्हाला?"

"अगं, नाही गं..."

"मग काय?" इतका वेळ आवरून धरलेला धाकट्याचा तोल सुटला. "तुझं एक मूल जगलं नाही, म्हणून आमच्या मुलाचं चांगलं झालेलंही तुला बघवत नाही का?"

शब्द तोंडातून गेला, आणि त्याचा स्वतःचाच चेहरा पांढरा पडला. धाकटीने मान खाली घातली. वहिनीने हळूच नकाशावरून हात काढला, पदराने तळव्यावरचा पेन्सिलीचा लाल डाग पुसला आणि ती उठून कामावर निघून गेली.

इस्पितळाच्या धोबीखान्यात उकळत्या चादरी काठीने ढवळताना तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पण तिथे वाफच इतकी, की कोणाच्या लक्षात येणार! सांगायचं कसं? सोळा वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला तेव्हा कारखान्यातला एक साहेब कागद घेऊन आला होता. 'पाण्यात दोष नव्हता, पती आधीपासून आजारी होते' एवढंच त्यात तिच्या तोंडी घातलं होतं, आणि खाली आणखी एक ओळ होती. त्या ओळीसाठीच तिने सही केली. त्या वेळी धाकटा पंधरा वर्षांचा, मामाकडे राहून शिकणारा, वर्गात पहिला येणारा. आणि पुढची फी भरायला घरात कुणी उरलं नव्हतं. आपल्याला शिष्यवृत्ती मिळाली, आपण स्वतःच्या बुद्धीवर शिकलो, हा त्याच्या आयुष्याचा केवढा अभिमान! तो मोडायचा? की तिथल्या नळाचं पाणी त्या पोटातल्या जीवाला प्यायला द्यायचं?

दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी घरांची नोंदणी होती.

वसाहतीच्या कचेरीसमोर सकाळपासून माणसांची रांग लागली होती. मध्येच कुठेतरी धाकटा आणि धाकटी उभी होती. वहिनी त्यांच्याकडे गेलीच नाही. ती सरळ दारात जाऊन उभी राहिली आणि जन्मात कधी चढला नव्हता इतका आवाज चढवून म्हणाली, "इथं घर घेऊ नका! या जमिनीत कारखान्याने पिंपंच्या पिंपं पुरलीत. इथलं पाणी पिऊन माझा नवरा गेला... माझी तीन लेकरं गेली!"

रांग चुळबुळली. कुणी हसलं. कुणीतरी म्हणालं, "बाईचं डोकं फिरलंय." धाकटा जागच्या जागी थिजला. तीन? त्याला तर एकच ठाऊक होतं!

आतून एक टापटीप माणूस आला, तिचं नाव विचारून परत गेला आणि फाईल घेऊन आला. कारखान्याच्याच मालकांनी ही वसाहत बांधली होती आणि त्यांनी जुने कागद जपून ठेवले होते.

"ही सही तुमचीच ना, बाई?" त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "'पाण्यात दोष नव्हता.' आणि हे पुढचंही ऐका. 'मयताच्या धाकट्या भावाच्या संपूर्ण शिक्षणाचा खर्च कंपनी करील.' घेतलं ना पुरेपूर? मग आता काय हवंय?"

धाकटा रांग सोडून पुढे आला. त्याने कागद हातात घेतला. तारीख वाचली, सही ओळखली, पुन्हा तारीख वाचली. मग त्याने वहिनीचा दंड धरला आणि तिला फाटकाबाहेर नेलं. धाकटीही मागोमाग आली.

"मला शिष्यवृत्ती मिळाली होती ना, वहिनी?" लहान मुलासारखं त्याने विचारलं.

"तू हुशार होतासच रे!" वहिनीचा बांध फुटला. "पहिला यायचास! पण पहिल्या येणाऱ्या पोरांनाही कुणी फुकट शिकवत नव्हतं..."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू ताठ मानेनं चालावंस म्हणून."

"आणि मी तुला काय बोललो... कोणत्या तोंडाने बोललो मी!" तो तिथेच धुळीत बसला आणि त्याने तिच्या पावलांवर डोकं टेकलं. धाकटी हुंदके देत वहिनीच्या खांद्याला बिलगली. "ताई, मला क्षमा करा हो..."

"ऊठ बघू. डोळे पुसा दोघंही," वहिनी म्हणाली. "तुमच्यावर माझा राग नाही. अरे, पापी तर मी आहे! माझ्या त्या सहीनंतर कारखाना आणखी चार वर्षं चालला. आमच्या चाळीतली माणसं तेच पाणी पीत राहिली. मी बोलले असते तर..."

धाकट्याने यार्डाशेजारच्या दोन खोल्या घेतल्या. खिडकी असलेल्या खोलीत धाकटीने आपल्या हाताने वहिनीचं अंथरूण घातलं. मुलगी झाली, सुखरूप झाली. डबे जोडले की ती दचकून रडायची आणि वहिनी तिला छातीशी धरून येरझाऱ्या घालायची.

पण रविवार आला की वहिनी घरात थांबत नसे. वसाहतीच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन बसे आणि घर बघायला येणाऱ्यांना एवढंच सांगे, इथं नको. बहुतेक जण ऐकून आत जात. एकाने तिच्या अंगावर चूळ टाकली. धाकट्याने आधी तिला खूप समजावलं. एका रविवारी मात्र तो मुकाट्याने चपला घालून तिच्याबरोबर निघाला.

त्या दिवशी एक ड्रायव्हर बायकोला घेऊन आला. तिच्या कडेवर तान्हं मूल होतं. वहिनीचं बोलणं ऐकून तो चिडला. "तुम्ही कोण सांगणारे?"

"मी त्यांच्या गप्प बसण्यावर शिकलेला माणूस," धाकटा म्हणाला.

ड्रायव्हरने दोघांकडे क्षणभर पाहिलं. "आम्हाला परवडतं ते एवढंच आहे," असं पुटपुटून तो आत गेला. बायको मात्र गेली नाही. मूल सावरत ती वहिनीशेजारी खाली बसली.

"मावशी, पाण्याला वास यायचा का हो?"

"नाही गं."

"रंग?"

वहिनीने मान हलवली. त्या तान्ह्या जीवाकडे बघत ती सांगू लागली... पहिला मुलगा कसा डोकंभर जावळ घेऊन आला आणि नवव्या दिवशी गेला. दुसरी रडलीच नाही. तिसऱ्याला तर तिने डोळे भरून पाहिलंही नव्हतं. धाकटा खालमानेने ऐकत होता. एकाच घरात राहून इतक्या वर्षांत हे त्याच्या कानावर आलं नव्हतं.

"मग पाणी होतं तरी कसं, मावशी?"

"गोड होतं गं," वहिनी म्हणाली. "फार गोड होतं! दुरून दुरून बायका यायच्या भरायला..."