लेपावर लेप

ठमीला जितका थंडावा दिला, तितकी ती जास्त तापली. हे कोडं चार दिवस सुटलं नाही. मी सोडवायला गेलेही नाही, कारण थंडावा देणारी मीच होते आणि ते मी लपवलं होतं.

ठमी म्हणजे आमच्या माळवाडीच्या शाळेतली यंत्रमानव. नऊ वर्षं झाली, पहिलीच्या पोरांना तीच वाचायला शिकवते. उन्हाळा लागला तशी ती वाक्य अर्धं सोडून गप्प व्हायला लागली. मला वाटलं, डोकं तापलंय. कपाटात एक नळी होती, तिच्यावर लिहिलेलं, 'कूलिंग पेस्ट'. आमच्या घरी ताप चढला की कपाळावर मुलतानी मातीचा जाड लेप थापतात. मीही मधल्या सुट्टीत, ठमी चार्जिंगला बंद असताना, तिची पाठ उघडली आणि अर्धी नळी थापली.

दुसऱ्या दिवसापासून ती दर दहा मिनिटांनी बंद पडायला लागली. सरांनी विचारलं, "कुणी हात लावला होता का हिला?"

मी म्हणाले, "नाही सर. म्हातारी झालीय ती."

सरांनी माझंच वाक्य जिल्ह्याच्या फॉर्मवर लिहिलं. उघडून कोणी बघितलं नाही. आज दुपारी भंगाराची गाडी येणार होती. आधी ठमीची स्मृती पुसणार, मग तिला वितळवणार.

सकाळी मी वत्सलाआत्याला सगळं सांगितलं. उपग्रहांतली यंत्रं थंड ठेवणं हेच तिचं नोकरीतलं काम होतं. ती रागावली नाही. तेच जास्त लागलं.

"किती थापलंस?"

"अर्धी नळी."

"पुरण भरत होतीस का?"

आम्ही शाळेत गेलो. मी ठमीला म्हणाले, "तुला बंद करतेय गं."

"चालेल," ठमी म्हणाली. "मागच्या वेळी सांगितलं नव्हतंस. उठले तेव्हा तुझी बोटं पांढरी होती."

"मग सरांना बोलली का नाहीस?"

"त्यांनी मला विचारलंच नाही. तुला विचारलं."

मी बटण दाबलं.

आत्याने बॅटरी काढली, स्क्रू सोडवले. हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा पातळ पात्यांचा धातूचा ठोकळा) तिने ओढला नाही. हळूच डावी-उजवीकडे फिरवून सुटा केला. खाली प्रोसेसर (यंत्राचा हिशेब करणारा चौकोनी मेंदू) होता. दोन्हींवर माझा पांढरा चिखल, आणि चिखलाखाली जुना थर, चुन्यासारखा वाळून तडकलेला.

मी ब्लेड उचललं. आत्याने हातातून काढून घेतलं. "चरा पाडशील. बोट फिरव इथे. कसं लागतंय?"

"गुळगुळीत."

"भिंगातून बघितलंस तर डोंगरदऱ्या दिसतील. दोन धातू एकमेकांवर ठेवले की त्या दऱ्यांत हवा अडकते, आणि हवेतून उष्णता फार हळू जाते. भाकरी तव्याला जिथे टेकत नाही, तिथे काय होतं?"

"कच्ची राहते."

"तसंच. पेस्ट त्या दऱ्या भरते आणि हवा बाहेर काढते. तेवढंच तिचं काम."

"म्हणजे ती थंड करत नाही?"

"नाही. ओल्या मातीतलं पाणी उडून जातं, जाताना कपाळाची उष्णता घेऊन जातं. इथे उडणारं काही नाही. पेस्ट नुसती वाट आहे, आणि धातूच्या मानाने खराब वाट. जाड थापलीस की उष्णतेला लांबून जावं लागतं. त्यातून तू वाळलेल्या, तडकलेल्या थरावर थापलीस, म्हणजे आत हवा कोंडलीस."

मी ठमीला गोधडी पांघरली होती. वर म्हातारी म्हणाले होते.

आत्याने चष्मा पुसायच्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल (मळ सोडवून झटकन उडणारा द्रव) ओतलं. "पूस."

"पाण्याने नको?"

"पाणी मागे राहतं. मग वीज नको तिथून जाते."

एकेक फडकं मळत गेलं. पाचवं कोरं निघालं तेव्हा प्रोसेसरवर माझा चेहरा दिसला. तो बघायची माझी तयारी नव्हती. मी पेस्टचा तांदळाएवढा ठिपका ठेवला, ठोकळा बसवला, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळले.

ठमी सुरू झाली. आधी अठ्ठ्याण्णव अंशांवर बंद पडणारी ती तासभर बोलूनही एकसष्टवर होती.

तेवढ्यात गाडी आली. सर फॉर्म घेऊन बाहेर आले. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, ती म्हातारी झाली नव्हती. मी बिघडवली आणि खोटं बोलले."

सरांनी फॉर्मकडे बघितलं, मग ठमीकडे. "मी तरी कुठे उघडून बघितलं," ते हळू म्हणाले आणि कागद फाडला.

ड्रायव्हरकाका वैतागले. "मग माझी फेरी फुकट? मागे इतर शाळांचे सहा यंत्रमानव आहेत, सातवा धरून निघालो होतो."

"त्यांना काय झालंय?" आत्याने विचारलं.

"कागदावर सगळ्यांचं एकच आहे. गरम होतात, म्हातारे झालेत."

"उघडून बघितले कोणी?"

काकांनी खांदे उडवले आणि गाडीचं मागचं फळकं खाली पाडलं. सहा जण भिंतीला टेकून बसवले होते. मी बाटली आणि फडकी घेऊन वर चढले.