चाळीस मिनिटांचा उजेड

"बापू, जरा लक्ष द्या की! राणीसरकारांच्या तसबिरीला सात मिनिटं पुरतील, का नऊ देऊ?"

केतकी साळोखे चहा गार करत टॅबलेटवर तक्ता भरत बसली होती. आनंदविलास राजवाड्यातलं चित्रसंग्रहालय बघायला जाणं हे आता उठलं आणि निघालं, असं राहिलं नव्हतं. उजेडानं रंग विटतात हे माणसाला कधीपासून ठाऊक होतं. पण कुठल्या चित्रात किती उजेड सोसायची ताकद उरलीय, ते मोजणारं यंत्र आलं आणि राजवाड्याची सगळी दालनं अंधारी झाली. आता प्रत्येक चौकटीवर नजरमापक बसलेला. तो तुमचे डोळे ओळखणार, डोळे चित्रावर असतील तोवर दिवा जळणार, नजर वळली की विझणार. माणशी चाळीस मिनिटं, उभ्या जन्मात तेवढीच. त्याला नाव होतं उजेडवाटा. चित्रं तीनशे बारा, तेव्हा कुठल्या चित्राला किती मिनिटं द्यायची ते आधीच लिहून पाठवायचं. या नियोजनापायी गावातल्या दोन सख्ख्या जावांनी एकमेकींशी बोलणं टाकलं होतं म्हणे!

केतकीला घाई होती ती वेगळ्याच कारणानं. तिच्या वडिलांच्या, दिनकर बापूंच्या, डोळ्यांचा पडदा झिजत चालला होता. दिवाळीपर्यंत नजर जाईल, उपाय नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. नजर जायच्या आधी बापूंनी काहीतरी देखणं बघावं, एवढंच तिला वाटत होतं. तिनं अकरा चित्रं निवडली आणि मोठ्यानं वाचून दाखवली.

"आन् उगवतीच्या दालनातला आठवडी बाजार?" बापूंनी विचारलं.

"तो कशाला? त्याच्यापुढं सत्तावीस वर्षं पहारा दिलात की तुम्ही!"

बापूंनी बशी खाली ठेवली. "पुढं न्हवं गं बाय. पाठ करून."

मग बापूंनी सांगितलं. राणीसरकारांच्या वेळेपासूनचा राजवाड्याचा दंडक होता: पहारेकऱ्यानं माणसांकडं बघायचं, चित्राकडं नाही. चित्रात जीव रमला की हात कुठं लागतोय ते दिसत नाही. मागं वळला त्याचा त्या दिवसाचा खाडा. नंतर साहेब बदलले, दंडक सैल झाला, बाकीचे पहारेकरी बिनघोर वळून बघू लागले. पण बापूंनी शब्द दिला होता आणि बापू म्हणजे बापू! निवृत्तीच्या दिवशी बघू म्हणाले, तर नेमकं त्या दिवशी रंग तपासायला चित्र उतरवलेलं; परत लागलं तोवर दालनं अंधारी झाली होती.

"घरी कधी बोलला नाहीत ते!"

"काय सांगू? सत्तावीस वर्षं उभा ऱ्हायलो आन् चित्र ठावं न्हाई म्हणू? लोक हसले असते."

केतकीला स्वतःचाच राग आला. जन्मभर शेजारणींना ती ऐटीत सांगत आली होती की आमचे बापू रोज आठवडी बाजार बघतात. तिनं अकराच्या अकरा चित्रं खोडली, चाळीस मिनिटं त्या एकाच चित्रापुढं लिहिली आणि तक्ता पाठवला. उत्तर लगेच आलं.

दिनकर साळोखे. उजेडवाटा शिल्लक: शून्य.

कारणही दिलं होतं. जुने हजेरीपट यंत्राला भरवले होते, आणि दिवे लागलेल्या दालनात हजर असलेल्या माणसाने चित्र पाहिले, असं यंत्रानं धरलं होतं. म्हणजे केतकीनं जी चूक केली तीच यंत्रानं केली, फक्त जास्त टापटिपीनं.

तिनं संग्रहालयाच्या अभिरक्षक नूतन इनामदारांना फोन लावला.

"ताई, पाठ होती हे पटतंय मला," इनामदारबाई म्हणाल्या, "पण यंत्राला पुरावा लागतो."

"मग कॅमेरे होते की दालनात! बापूंचं तोंड कुठं होतं ते बघू दे त्याला."

"हे आमच्या डोक्यात आलंच नाही हो! शेवटच्या अकरा वर्षांचं चित्रण आहे. बघायला लावते."

तीन दिवस केतकीनं फोन हातातून खाली ठेवला नाही. चौथ्या दिवशी दुपारी इनामदारबाईंचा फोन आला. केतकीनं तो बापूंनाही ऐकू जाईल असा धरला. "अकरा वर्षांत नऊ सेकंद. फक्त नऊ! भूकंपाचा धक्का बसला त्या दिवशी."

"खिळा हालतोय का बघाया वळलो हुतो," बापू ओशाळून म्हणाले. "खिळाच बघितला."

केतकी हसता हसता रडली. आधीची सोळा वर्षंही यंत्रानं त्याच हिशोबानं माफ केली.

ठरल्या सकाळी, उरलेली मिनिटं दाखवणारी पट्टी मनगटावर बांधून, दोघं दालनात शिरली. बापूंनी डोळे वर केले आणि अंधारातून आठवडी बाजार उजळला. चौकटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांची नजर सावकाश फिरत राहिली. मग बोट वर करून म्हणाले, "हितं लोक हसायची. बघ, बकरी बाईचा पदर खातीया! आन् ह्या कोपऱ्यापाशी आली की गप व्हायची. त्यो बघ आंधळा, चिपळ्या घिऊन बसलाय. मी सगळा बाजार लोकांच्या तोंडावरनं बांधला हुता. निम्माअर्धा जमला हुता की गं!"

दोन मिनिटं उरली असताना त्यांनी केतकीकडं तोंड वळवलं. दिवा विझला.

"बापू, बघा ना! का थांबलात?"

"तुझी पट्टी बघ."

तिनं मनगटाकडं पाहिलं. तिची चाळीसच्या चाळीस मिनिटं तशीच होती. सगळा वेळ ती बापूंकडंच बघत होती.

"ती ऱ्हाऊ देत," अंधारात बापूंनी तिचा हात चाचपून धरला. "दिवाळीनंतर मला हितं घिऊन ये. तू बघायचंस आन् मला सांगायचंस. केतके, कानानं बघितल्यालं ह्यांचं यंत्र कुणाच्या वाट्यातनं कापंल गं?"