तीन नंबरच्या प्रेसची पाचर

हे घडलेलं आहे. कुणी हसलं तर तनुजा वाद घालत नाही. डाव्या तळहातावरचा व्रण दाखवते.

चाकणमध्ये, म्हाळुंग्याच्या रस्त्याला, एक पत्र्याचं शेड आहे. एप्रिलमधला गुरुवार होता. भर दुपार.

गुरुवारी एमआयडीसी बंद. एरवी जिथे कानाशी ओरडावं लागतं, तिथे त्या दिवशी पत्र्यावर चालणाऱ्या कबुतरांची नखंही ऐकू येत होती.

म्हणूनच तो आवाज शेडमधल्या तिघांनाही ऐकू आला.

तनुजाचे वडील, ज्योतीराम, याच शेडमध्ये पत्रा ठोकून आकार देणाऱ्या तीन नंबरच्या प्रेसवर कामाला होते. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा पंच, म्हणजे लोखंडी ठोकळा, खाली येतो. म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही.

पण त्यात वेळ जातो.

म्हणून मालकाच्या हुकमाने एक बटण टेप लावून कायमचं दाबून ठेवलेलं, आणि दुसऱ्यात बाभळीची पाचर ठोकलेली. प्रेस आपली आपण धडधडत राहायची. माणसाने मधल्या क्षणात पत्रा सरकवायचा आणि हात काढून घ्यायचा.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी हात निघाला नाही.

पंच आला. पुन्हा आला. पुन्हा आला. ज्योतीरामांनी डाव्या हाताने पाचर उपसली तेव्हा प्रेस थांबली. तोवर उजवा हात कोपरापर्यंत पत्र्याइतका चपटा झाला होता. चाकण चौकात गाडी अडकली आणि ते गाडीतच गेले.

हॉस्पिटलमध्ये त्यांची मूठ उघडावी लागली. पाचर आत होती. तनुजाने ती घरी आणून देवाच्या फळीवर ठेवली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तनुजा स्टॅटिस्टिक्स शिकलेली. पिंपळे सौदागरला निरंजन सरांच्या छोट्या ऑफिसात नोकरी करायची. तिथे चाकणच्या शेडमालकांचं काम आलं. प्रेसवर पाचर मारल्याने अपघात खरंच वाढतात का, याचं रिग्रेशन, म्हणजे कशाचा कशावर किती परिणाम होतो याचं गणित, करायचं आणि अहवालात छापता येईल असं टेबल द्यायचं. तिने ते काम मुद्दाम मागून घेतलं. तिला वाटलं, आकडे तरी खोटं बोलणार नाहीत.

त्या गुरुवारी ती आणि निरंजन सर शेडच्या माळ्यावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसले होते. मालक दौलतराव समोर. शुक्रवारी माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे लोक तपासणीला येणार होते. त्यांनी टेबल पाहून मान डोलावली की बंद ठेवलेली तीन नंबर पुन्हा सुरू होणार. पाचरीसकट.

तिच्यावर उभा राहणार होता अजिंक्य. तनुजाचा धाकटा भाऊ.

"बापाच्या जागेवर पोराला घेतलं का न्हाई?" दौलतराव म्हणाले. "आजकाल कोण करतं एवढं? चहा घे पोरी."

तनुजाने चहा घेतला नाही. तिने सगळं लॅपटॉपच्या एकाच बटणावर बसवलं होतं. बटण दाबलं की गणित चालायचं आणि टेबल सुबक होऊन वर्डमध्ये उतरायचं. दशांश सरळ रेषेत, कंस जागेवर, खाली टीप.

"वा," निरंजन सर हसले. "आता एक बोट पुरे."

तिने बटण दाबलं.

टेबल उतरलं. पाचरीसमोर छोटासा आकडा. पुढे ताऱ्याची खूण नाही. तारा नाही म्हणजे परिणाम मोजण्याजोगा नाही.

"सर, पण खाली बघा. सात माणसं गळतायत. आपण अपघातानंतरच्या गैरहजेरीचे दिवस मोजतोय. जे मेले त्यांचा रकाना कोरा आहे, आणि कोरी ओळ सॉफ्टवेअर आपोआप टाकून देतं. त्याऐवजी 'गंभीर इजा झाली की नाही' एवढंच धरू. मग सगळे येतील."

"मेलेला माणूस किती दिवस गैरहजर होता, सांग ना तूच. तो मॉडेलमध्ये बसत नाही, तनुजा. फक्त फॉन्ट बदल आणि परत काढ."

त्या सातांत तिचे बाबा होते. हे निरंजन सरांना माहीत होतं.

तिने फॉन्ट बदलला. बटण दाबलं.

आणि खालून आवाज आला...

धाड्.

केबिनची काच थरथरली. तिघांनी खाली पाहिलं. शेडमध्ये कुणी नव्हतं. प्रेसेस ओळीने उभ्या, निश्चल.

"पत्रा तापून तडकतोय," दौलतराव म्हणाले.

निरंजन सर मात्र स्क्रीनकडे पाहत होते. पाचरीसमोर तीन तारे उमटले होते. खाली माणसांची संख्या पूर्ण होती.

सातही जण आले होते.

"तू मॉडेल बदललंस?"

"नाही सर."

त्यांनी स्वतः तारे खोडले. संख्याही खोडून जुनी टाकली. "आता एकदा काढून दाखव."

तिने बटण दाबलं.

धाड्.

तारे परत आले. या वेळी खालून वासही आला... तापलेल्या तेलाचा, आणि त्यात मिसळलेला दुसरा एक. तनुजाने तो वास आधी एकदाच घेतला होता. हॉस्पिटलमध्ये.

दौलतराव उठले. "मेन स्विच मी सोताच्या हातानं पाडलाय. या खाली, दाखवतो."

तिघेही जिना उतरले. मेन खाली होता, त्याला कुलूप होतं. तीन नंबरच्या बटणात पाचर नव्हती. दौलतरावांनी प्रेसवर थाप मारली.

"मढं हाय हे मढं! भ्यायला काय झालं? हे बघ, हात घालतो."

"दौलतराव, नको," निरंजन सर म्हणाले.

"अवो, काय व्हत न्हाई!"

त्यांनी उजवा हात पंचाखाली घातला आणि तनुजाकडे पाहून हसले.

वर, केबिनमध्ये, काहीतरी टक्कन वाजलं...

धाड्.

हाडं फुटल्याचा आवाज किंकाळीच्या आधी आला. निरंजन सरांच्या पांढऱ्या शर्टावर रक्ताची फेक उडाली. पंच वर गेला. दौलतरावांनी हात ओढायच्या आत पुन्हा आला. मनगट गेलं. पुन्हा आला. बोटं कुठली आणि पत्रा कुठला, ते कळेना. निरंजन सर त्यांना कमरेला धरून ओढत होते आणि प्रेस त्यांना आत ओढत होती. थोडं थोडं. कोपराकडे.

बटणांजवळ कुणी नव्हतं.

"मेन! मेन बंद कर!" निरंजन सर ओरडले.

मेन बंदच होता.

तनुजा जिना चढली. तिला आता कळलं होतं.

केबिनमध्ये लॅपटॉप उघडा होता. स्क्रीनवर टेबलं उतरत होती. एकावर एक, सुबक, तीन ताऱ्यांची. एक टेबल, खाली एक धाड्. एक टेबल, एक धाड्.

तिने नेमून दिलेल्या त्या एका बटणात...

बाभळीची पाचर ठोकलेली होती.

तेलाने काळी पडलेली. एका कडेला दाताच्या खुणा. बाबांना कामाच्या मधल्या सुट्टीत ती चावायची सवय होती.

तिने पाचरीवर हात ठेवला. खालून दौलतराव आता ओरडत नव्हते, नुसतं कण्हणं ऐकू येत होतं. निरंजन सर तिचं नाव घेऊन रडत होते. टेबलं उतरत होती.

पाचर उपसायला तिने किती वेळ घेतला, ते ती कुणालाच सांगत नाही.

उपसली तेव्हा बाभळीची चिरफळी तळहातात आरपार घुसली. प्रेस थांबली. कबुतरांची नखं पुन्हा ऐकू येऊ लागली.

दौलतरावांचा हात कोपरापासून काढावा लागला. अपघात तपासणाऱ्यांनी लिहिलं, जुना ब्रेक, पंच आपल्या वजनाने पडला. एकदा पडला असेल. पण इतक्या वेळा कसा, हे कुणी लिहिलं नाही. निरंजन सरांनी पूर्ण टेबल, ताऱ्यांसकट, मोठ्या कंपनीला पाठवून दिलं. तीन नंबर भंगारात गेली. अजिंक्य तिच्यावर कधी उभा राहिला नाही.

त्या संध्याकाळी हाताला पट्टी बांधून तनुजा खराबवाडीच्या खोलीवर आली. आधी देवाच्या फळीकडे गेली. फळी रिकामी होती.

"अज्या, इथली पाचर कुणी नेली?"

अजिंक्य जेवत होता. त्याने मान वर केली.

"ताई, असं काय करतेस? सकाळी तूच तर पर्समध्ये टाकलीस."

"मी?"

"मी विचारलं पण. कशाला नेतेस म्हणून." त्याने घास खाली ठेवला. "तू म्हणालीस, बाबांनी मागितलीय."

तनुजाला यातलं काहीच आठवत नाही.

ती अजूनही टेबलं करते. पण बटण दाबायच्या आधी खोलीत कोण कोण आहे, आणि कुणाचे हात कुठे आहेत, ते एकदा पाहून घेते.