जखमेचं वय

दिवा गावात उन्हाळ्यात डोकी फुटतात ती पाण्यावरून. टँकर आला की बायाबापड्या हंडे भरायच्या आधी एकमेकींच्या डोक्यात घालतात, आणि मग आमच्या हॉस्पिटलच्या रांगेत उभ्या राहूनही भांडतात. मी तिथे आठ वर्षं कॅज्युअल्टीत डॉक्टर आहे. स्वभाव तापट आहे, हे मीच सांगून टाकते. पोलिसांच्या कागदावर जखमेचं वय लिहिणं हे माझं काम. मुका मार ताजा असला की लाल दिसतो, मग निळा-जांभळा, मग हिरवट, शेवटी पिवळा. पेशंट काही का सांगेना, मी कातडीचा रंग बघून तारीख लिहिते.

सोमवारी सकाळी धाकूशेठ आले. सत्तरीचे, इथले जुने जमीनवाले. पुतण्या दिपेशने त्यांना स्कूटरवरून आणलं होतं. कपाळावर तीन आडव्या जखमा, खपल्या सुटत आलेल्या, भोवती पिवळं. कडा फाटल्यासारख्या होत्या, म्हणून मी 'बोथट वस्तू' लिहिलं. वय, पाच ते सहा दिवस. एक्स-रेत कवटीला तडाही दिसला.

"इतके दिवस घरी काय करत होतात?" मी खेकसले.

"मॅडम, काल रात्री कपाळ एकदम साफ होतं," दिपेश म्हणाला. "आईशप्पत. सकाळी उठले तर हे असं."

"कुणी मारलं, धाकूशेठ?"

म्हातारा पुतण्याकडे बघत राहिला. "मना आजून कोनी नाय मारला," तो म्हणाला.

बिल्डरला जमीन द्यायची की नाही यावरून काका-पुतण्याचं वर्षभर वाजत होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी काय समजायचं ते समजले आणि धाकूशेठना दाखल करून घेतलं.

मंगळवारी पिवळ्याचं हिरवं झालं. बुधवारी खपल्या ओल्या झाल्या. गुरुवारी कपाळ जांभळं पडलं, आणि आमची सिस्टर सगुणा ट्रे घेऊन तशीच उभी राहिली.

"मॅडम, हे बरं होतंय का उलटं चाललंय?"

मी तिला झापलं. पण रात्री डोंबिवलीला घरी गेल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं, जखमा अशाच उलट्या चालल्या तर शनिवारी ताज्या होतील हेही. सम्यक कल्याणच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो. स्थळकाळ ही खरीखुरी वस्तू आहे की नुसती हिशेबाची सोय, यावर आमचं लग्नाआधीपासूनचं भांडण आहे. एकदा तर त्या वादात मी त्याला कप फेकून मारला होता.

"मी काय म्हणत आलोय?" तो म्हणाला. "आपण टिटवाळ्याला पोचलो नाही म्हणून टिटवाळा नसतो का? शनिवारसुद्धा तसाच आहे. आत्ताही आहे. त्यातला फटकाही आहे."

"काही नसतं तसलं. माणसं असतात, ती एकमेकांशी काय करतात ते असतं. दिपेशला म्हाताऱ्यापासून लांब ठेवला की फटका कुठून येईल?"

"ठेवून बघ," सम्यक म्हणाला. तो हसत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मी हिशेब केला होता. शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास जखमा ताज्या होणार होत्या. तो तडाही. या वयात तशा तड्याने माणूस जातो. मला धाकूशेठ जिवंत हवे होते, आणि खरं सांगायचं तर सम्यक खोटा पडायला हवा होता.

शनिवारी मी त्यांना कोपऱ्यातल्या खोलीत हलवलं, वॉचमनला दिपेशचा फोटो दाखवला आणि स्वतः आतून कडी लावून बसले. पंखा फिरत होता. पट्टीखालून रक्त ठिबकू लागलं.

"डाक्टरीनबाई, मना घरी जावाचाय," धाकूशेठ म्हणाले.

"साडेबारानंतर."

पावणेबाराला दार हादरलं. "काका! उघडा! मला का अडवतायत?" बाहेर दिपेश होता, त्याच्यामागे वॉचमन ओरडत होता. दोन धक्क्यांत कडी निखळली.

दिपेशच्या एका हातात शहाळ्यांची पिशवी होती. दुसऱ्या हातात कोयता.

पेशंटला शहाळं घेऊन येतात आणि इथली माणसं ते सोलायला घरचाच कोयता आणतात, हे मी आठ वर्षं पाहत आले होते. कोयत्याने कडा फाटत नाहीत, हेही मला माहीत होतं. मला फक्त पातं दिसलं. मी सलाइनचा लोखंडी स्टँड उचलला आणि जीव खाऊन फिरवला.

"पोराला नको!" म्हणत धाकूशेठ मध्ये आले.

स्टँड त्यांच्या कपाळावर बसला. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज आला.

तो पहिला चुकून लागला, असं म्हणता येईल.

दुसरा मी मारला. तिसराही. म्हातारा गुडघ्यावर होता. दिपेश किंचाळत माझा दंड ओढत होता आणि माझा हात थांबत नव्हता. तीन झाल्यावर तो आपोआप थांबला.

भिंतीवर रक्त होतं. माझ्या ओठांवर होतं.

धाकूशेठनी पट्टी ओढून काढली.

कपाळ साफ होतं. ओरखडासुद्धा नव्हता.

"झाला एकदाचा," ते म्हणाले. "चल रं, घरी."

दिपेश त्यांना धरून घेऊन गेला. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. तक्रार तरी कशाची करणार? सगुणाने भिंत पुसली. मला आनंद व्हायला हवा होता. म्हातारा वाचला होता. मी बाथरूममध्ये जाऊन ओठांवरचं रक्त धुतलं.

रविवारी सकाळी सम्यक आरशासमोर दाढी करत होता. मी त्याच्यासाठी चहा घेऊन गेले.

"मानेला काय झालंय तुझ्या?"

"कुठे काय?"

दोन्ही बाजूंना चार-चार डाग होते, पुढे कंठाजवळ दोन. मी कप खाली ठेवला, त्याला माझ्याकडे वळवलं आणि त्यांवर बोटं टेकवून पाहिली. दहाही बरोबर बसली.

"अगं, गुदगुल्या होतात," तो हसत म्हणाला.

मी हात काढून घेतले. डाग पिवळे होते. म्हणजे अजून पाच-सहा दिवस होते.