राखलेली जागा

दवाखान्याच्या मागच्या अंगाला, धुणीघराला लागून प्रयोगशाळेची खोली होती. एक खिडकी, एक मोरी, एक सूक्ष्मदर्शक आणि जंतू वाढवायचं उबदार कपाट, एवढाच संसार. तिथे काम करणारीला सगळा दवाखाना धाकटी म्हणायचा. कारण तिची थोरली बहीण कामावर जाताना तिचा डबा देऊन जायची आणि फाटकातूनच ओरडायची, "धाकटे, कालचा डबा रिकामा झाला का, की उंदरांना घातलास?"

धाकटीचं काम सांगायला सोपं. रोग्याच्या जखमेतला पू काचेच्या प्लेटमधल्या जेलीवर पसरायचा. त्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकमध्ये भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठरलेल्या जागी ठेवायच्या आणि प्लेट कपाटात सरकवायची. सकाळी जेलीवर जंतूंची साय धरलेली असते. जे औषध लागू पडतं त्याच्या टिकलीभोवती मात्र साय धरत नाही, स्वच्छ गोल उरतो. धाकटी त्याला अंगण म्हणायची. जेवढं मोठं अंगण, तेवढं औषध खणखणीत.

थोरली कोंबड्यांच्या शेडवर कामाला होती. एकदा पिंजऱ्याची तार तळहातात घुसली. तिने चिंधी गुंडाळली आणि काम तसंच पुढे ओढलं. हात कोपरापर्यंत भोपळ्यासारखा सुजला, तेव्हा भावोजींनी तिला उचलून दवाखान्यात आणलं.

"एवढ्याशा तारेने आडवी पडले," खाटेवरून ती म्हणाली. "कोंबड्या हसत असतील मला."

धाकटीने तिची प्लेट लावली. सकाळी उघडली तर एकाही टिकलीला अंगण नव्हतं. सगळ्या सायीत बुडालेल्या. हल्ली असं वरचेवर होई, म्हणून तिला राग आला, नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. सायीवर बारीक उंचवटे उठले होते, या टिकलीपासून त्या टिकलीपर्यंत, माणसांनी येऊन जाऊन मळवाव्यात तशा पायवाटा. सगळ्या वाटा पुढे एका कडेला जात होत्या. तिथे टिकली नव्हती आणि सायही नव्हती. टिकलीएवढा, नेमका वाटोळा, कोरा ठिपका होता. आणि झाकण उचलताच गोडसर वास आला, बंद डब्यात विसरलेल्या फळासारखा.

डॉक्टरबाईंनी प्लेट उजेडात धरली. "जेलीत बुडबुडा राहिला असेल. नवी लाव."

नव्या जेलीवरही तेच उमटलं. त्याच कडेला.

एक औषध बदललं, मग दुसरं. ताप हटेना. डॉक्टरबाईंनी धाकटीला बाजूला घेतलं. "एक अगदी नवं औषध मागवलंय. आपल्या भागात ते अजून कुणाच्याच अंगात गेलेलं नाही. ते लागू पडलं तर हात वाचेल. नाहीतर कापावा लागेल, विष खांद्याकडे चढायच्या आत."

दुपारी धाकटी शेडवर गेली. लांबच लांब पत्र्याखाली पाखरं एकमेकांच्या अंगावर दाटीने बसली होती. शेडमालक निळ्या ड्रममधली भुकटी पाण्याच्या टाकीत ढवळत होता. ड्रमवरचं नाव तिच्या ओळखीचं होतं. तिच्या टिकल्यांपैकीच एक.

"कुठली कोंबडी आजारी आहे?"

"एकही नाही! आजारी पडू नयेत म्हणून तर देतो. शिवाय अंग चांगलं धरतात."

"हेच औषध तिकडे माझ्या बहिणीला टोचतायत. काडीचा उपयोग नाही."

"मग तुमचं भेसळीचं असेल, बाई. आमचं असली आहे." तो हसला.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मरणाच्या दारातल्या माणसासाठी राखायचं औषध हा गृहस्थ धडधाकट पाखरांना बादलीबादलीने पाजत होता. उरलंसुरलं शेडमागच्या नाल्यात. नाला तळ्याला मिळालेला, तळ्यावर गुरं पाणी पीत होती. आणि वर हा दात काढत होता.

"सगळेच घालतात," तो म्हणाला. "मी एकट्यानेच शहाणपणा करून बुडायचं का?"

तिथून ती थोरलीच्या घरी गेली. भावोजींनी तिला पाणी दिलं, कोपऱ्यातल्या निळ्या ड्रममधून. शेडवर ड्रम रिकामा झाला की कामगार तो घरी नेत. दणकट, झाकण घट्ट. पिण्याच्या पाण्याला याच्यासारखं भांडं नाही, असं थोरली चारचौघींना कौतुकाने सांगायची. घासूनपुसून घेतला होता तिने.

धाकटीने पेला ओठांशी नेला आणि थांबली. तोच गोडसर वास.

"किती दिवस पिताय हे पाणी, भावोजी?"

"ड्रम आणला तेव्हापासून. काय झालं? यात पाणी कधी नासत नाही बघ."

ड्रममधलं पाणी, नाल्यातला चिखल आणि शेडमधली विष्ठा तिने बाटल्यांत भरून आणली आणि त्यांच्याही टिकल्या ठेवून प्लेटा लावल्या. सकाळी तिन्ही प्लेटा उघडल्या. एकीवर पिवळे जंतू, एकीवर राखाडी, एकीवर शेंबडासारखे चिकट. एकमेकांशी ना नातं, ना सोयरीक. पण पायवाटा त्याच होत्या. कोरा ठिपकाही तिथेच.

डॉक्टरबाई स्टुलावर बसल्या. "जंतू एकमेकांना देतात, हे खरं आहे. औषध कसं पचवायचं, ती युक्ती. शेजारणीने शेजारणीला विरजण द्यावं तशी. माणसातला, कोंबडीतला, चिखलातला, असा भेद नसतो त्यांना. पण हे असं..."

"आपणही कमी वाटलेलं नाही, बाई," धाकटी तडकून म्हणाली. "शिंक आली की हेच, पोट बिघडलं की हेच. रोगी मागतो, आपण देतो."

डॉक्टरबाईंनी तिन्ही झाकणं हळूच लावली.

नवं औषध सीलबंद खोक्यातून आलं, सोबत त्याच्या टिकल्या. धाकटीने स्वच्छ प्लेट घेतली, थोरलीचा पू पसरला, जुन्या टिकल्या ठरलेल्या जागी ठेवल्या. मग चिमट्याने नवी उचलली.

प्लेटवर एकच जागा उरली होती. कडेची.

आधीच्या प्लेटांवर कोरा ठिपका इथेच उमटला होता. मग तिने टिकली ठेवली.

सकाळी डॉक्टरबाई तिच्याआधी येऊन कपाटापाशी उभ्या होत्या.

अंगण नव्हतं. नव्या टिकलीवर साय चढली होती, बाकीच्यांहून जाड.

डॉक्टरबाई शस्त्रक्रियेच्या खोलीकडे वळल्या.

खाटेवर थोरली जागी होती. "अंगण पडलं का गं?"

धाकटीने नकारार्थी मान हलवली.

"बरं." थोरली सुजलेल्या हाताकडे बघत राहिली. "एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. आता बघूच."

तिला आत नेलं. भावोजी भिंतीला टेकून खाली बसले. तेवढ्यात शेडमालक फळांची पिशवी घेऊन आला. "कशी आहे बाई आमची?"

धाकटीने त्याची बाही धरली. त्याला ओढतच प्रयोगशाळेत आणलं आणि प्लेट नाकासमोर धरली. "बघा. डोळे फाडून बघा. हिचा हात यात गेला."

तो वाकला. "दुधाच्या सायीसारखं दिसतंय," तो पुटपुटला. मग त्याने बोट पुढे केलं. "आणि इथे हे रिकामं कशाला ठेवलंय?"

धाकटीने पाहिलं.

नव्या टिकलीपासून वाट पुढे गेली होती. तिच्या टोकाला टिकलीएवढा, नेमका वाटोळा, कोरा ठिपका होता.