आपल्याकडची लिफ्ट

लिफ्ट बंद होती. म्हणजे, परत बंद होती.

दिवसभर वॉर्डात उभं राहून पायांचे तुकडे पडायचे तेवढे बाकी होते, छत्रीतून पाणी टपकत होतं आणि माझी खोली सातव्या मजल्यावर. लिफ्टच्या उघड्या दारात एक माणूस पाठमोरा बसून निवांतपणे वायर सोलत होता. या देशात कुणाला काय कळतंय, अशा भरवशावर मी चांगलं मोठ्यानं म्हटलं, "मेल्याला आजच मुहूर्त सापडला."

त्याचे हात थांबले.

"मेलो नाही अजून," तो न वळताच म्हणाला. "पण तू अशीच बोललीस तर... बघू."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मग तो वळला, आणि हसत होता. मी तशीच सात मजले चढून गेले. त्या दिवशी पाय दुखल्याचं मात्र आठवत नाही.

तो इथेच जन्मलेला. आईवडील तिकडून आले, आणि आपली भाषा याच्या वाट्याला घरापुरतीच आली. त्यामुळे त्याला रागावणं यायचं, जेवायला हाक मारणं यायचं, आणि बाकी सगळीकडे गाडी अडायची. कुणालाही सरळ 'तू'. मी त्याला 'लिफ्टवाले' म्हणायचे, तो मला 'सिस्टर'. लिफ्ट तर इतक्यांदा बंद पडायला लागली की मला शंका आली.

"खरं सांगा, तुम्हीच बिघडवता ना?"

"मी? छे." मग जरा थांबून, मान खाली घालून — "एकदाच."

मी हसले. इथे आल्यापासून हसण्याचाही पगारच मिळायचा. पेशंटसमोर हसायचं, मेट्रनसमोर हसायचं. हे हसू फुकटचं होतं, आणि ते कुठून आलं याचं मलाच नवल वाटलं.

एकदा स्क्रू ड्रायव्हर खिशात घालता घालता त्यानं विचारलं, "रविवारी आम्ही समुद्रावर जाऊ?"

"जा की. मला कशाला विचारता?"

त्याचा चेहरा एवढासा झाला. "तू नाही येणार?"

"अहो, 'आम्ही' म्हणालात ना... म्हणजे तुम्ही आणि तुमची माणसं. त्यात मी नाही. मला धरून असेल तर 'आपण'."

"आमच्या घरी 'आम्ही' खूप होतं," तो म्हणाला. "आम्ही सगळं सोडून आलो. आम्ही किती कष्ट केले. आम्ही तिकडे असताना असं नव्हतं... मी ऐकत बसायचो. आणि एक 'आपल्याकडे' होतं. आपल्याकडे आंबे गोड, आपल्याकडे माणसं चांगली. लहानपणी मला वाटायचं, आपल्याकडे नावाचं गाव आहे. मला कधी नेलंच नाही तिथे."

मी हसणार होते. हसता आलं नाही, कारण ते गाव माझ्याही तोंडी दिवसातून दहादा यायचं. आपल्याकडे अशी थंडी नसते, आपल्याकडे शेजारी विचारपूस करतात. आणि खरं तर आता तिथे गेले तरी मला 'तुमच्याकडे कसं असतं गं?' असंच विचारतील.

रविवारी समुद्रावर गेलो. वारा बोचरा होता; त्यानं स्वतःचा मफलर काढून माझ्या हातात दिला, आणि मग समुद्राकडे असा बघत राहिला, जणू तो मफलर त्याचा नव्हताच.

आईला मी शब्द दिला होता — दोन वर्षं, मग परत. ती दोन वर्षं सरत आली होती. हॉस्पिटल विचारत होतं, पुढे राहणार का. आई विचारत होती, कधी येतेस. मी दोघांनाही "सांगते" म्हणत होते.

"तू जाणार?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही हो. दमलेय मी. इथे राहूनही दमलेय आणि जायचा विचार करूनही."

त्यानं थांब म्हटलं नाही. म्हणावं असं मला फार वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात लिफ्ट पुन्हा बंद. "आईशपथ, मी काही नाही केलं," असं म्हणत तो माझी भाजीची पिशवी घेऊन मागोमाग चढत होता. चौथ्या मजल्यावर माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला. आम्ही तिथेच पायरीवर टेकलो, आणि आईचा फोन आला.

"तुझ्या खोलीला रंग द्यायला घेतेय," आई म्हणाली. "पिवळा देऊ की पांढरा? आणि धाप का लागलीय तुला?"

"अगं, आपल्याकडची लिफ्ट बंद आहे ना, जिन्यात बसलेय."

"आपल्याकडे कुठली गं लिफ्ट?"

आमचं घर बैठं. तीन खोल्या आणि मागे मोरी. दोन पायऱ्या चढल्या की घर.

आईला कळलं, माझ्याआधी कळलं.

"बरं," ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा ठेवला होता तिनं. "रंगाचं मग राहू दे आत्ता. जेवलीस का?"

"जेवते. नंतर करते फोन." मी फोन ठेवला आणि मला रडू फुटलं. आईसाठी रडत होते, त्या खोलीसाठी रडत होते, आणि आता परत जायचं नाही हे ठरून गेलं, म्हणूनही.

त्यानं माझं बोलणं सगळं ऐकलं होतं. 'आपल्याकडची' हा शब्द तर त्याच्या ओळखीचाच. पिशवी बाजूला ठेवून तो एक पायरी वर सरकला.

"मला जायचं नाहीये," मी डोळे पुसत म्हटलं. "इथलं काही फार आवडतं म्हणून नाही. तू आहेस म्हणून."

अहो-जाहो कधी गळून पडलं, माझं मलाच कळलं नाही. त्यानं माझा हात हातात घेतला. त्याच्या बोटांना ग्रीसचा वास होता.

"आई काय म्हणाली?" त्यानं हळूच विचारलं.

"जेवलीस का."

"मग सांग ना तिला. आम्ही अजून..." तो अडला. मान हलवली, आणि एकेक अक्षर जपून उच्चारत म्हणाला, "आपण... अजून जेवलो नाही."

मी परत आईला फोन लावला.