लवू परबची सातवी टेप

हे खरं घडलंय. कुणाला पटवून देण्याइतकी ताकद आता माझ्यात नाही. झालं तसं सांगते.

मागच्या ऑक्टोबरमधला मंगळवार. दुपारचे साडेतीन.

साकीनाक्याला गाळ्यांच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. जुन्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून देते. त्या दिवशी शेजारी बसल्या होत्या नलिनीताई परब. लवू परबची थोरली बहीण.

लवू म्हणजे घाटकोपरच्या चाळीतला, गिरणी कामगाराचा मुलगा. नव्वदच्या दशकात ज्यांनी त्याची गिटार ऐकली, ते आजही त्याचं नाव निघालं की गप्प होतात. मुंबईतली रॉक वाजवणारी पोरं त्याला अजून मानतात.

त्याचा पहिलाच अल्बम येणार होता. चार दिवस एका स्टुडिओत सलग वाजवत होता. चौथ्या दिवशी रेकॉर्डिस्ट टेप चालू ठेवून खाली जेवायला गेला.

परत आला तेव्हा लवू काचेपलीकडे खुर्चीत. कानाला हेडफोन...

गेलेला.

त्या सात टेपा ताईंनी एकोणतीस वर्षं कपाटात ठेवल्या होत्या. कुणालाच दिल्या नाहीत.

"ताई, टेपवरचा थर झडतोय. एकदाच वाजेल."

"वाजव. मी पण दमलंय आता."

सहा टेपा उतरल्या. सगळीकडे तेच. तो सुंदर वाजवायचा, मध्येच थांबायचा. "परत घेऊ," म्हणायचा. दर वेळी आवाज आणखी थकलेला.

सातव्या टेपमध्ये तो थांबला नाही.

पूर्ण वाजवलं. तसं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. ताई पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या.

मग शांतता. मग त्याचा आवाज...

"झालं?"

उत्तर नाही. देणारा जेवायला गेला होता.

"झालं का रे?"

टेप संपली. सुटलेलं टोक रिळावर फटफट आपटू लागलं. मी मशीन बंद केलं.

...स्पीकरमधून श्वास येत होता.

"झालं का?"

मी मशीनची वायरच उपटली. तरी मिक्सरवर श्वासाबरोबर एक हिरवा दिवा लुकलुकत होता. टेपचा नव्हे.

माझ्याच काचेपलीकडच्या खोलीतल्या माइकचा.

खोलीत अंधार होता. दार सकाळपासून बंद.

मी उठून उभी राहिले. ताई मात्र घाबरल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "तेका सांग गो, झाला म्हणान."

आतल्या खोलीशी बोलायचं एक बटण असतं. ते दाबलं.

"झालं, लवूदादा. छान झालं. उठा आता."



मग 'टप्'... गिटारची वायर काढली की होतो तसा आवाज. खुर्ची सरकली.

दिवा विझला.

ताई पेन ड्राइव्ह घेऊन रिक्षाने घरी गेल्या. मी आत जाऊन बघितलं नाही.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला.

"तू तेका सांगितलंस ना गो?"

"हो ताई. तुमच्यासमोरच."

"मगे तो अजून घराक इलो नाय. मी दार उघडा ठेवन बसलंय."

मी काचेकडे पाठ करून बसले होते.

काम तिथंच आहे, म्हणून रोज जाते. अजून तशीच बसते.